दुरुगकरांची दुरुस्ती

दुरुगकर कुठलाही छापील गठ्ठा शेवटच्या पानापासून तपासत. "सुरुवात सगळेच पाहतात वं बाई, शेवटाले कोण जाते?" असं मला ऐकवत.

ऐंशीच्या दशकात नागपुरात परीक्षांचे निकाल छापणाऱ्या एका संगणक केंद्रात आम्ही नोकरीला होतो. मी निकालाचे प्रोग्रॅम लिही. मशीनची मूळ यंत्रणा त्यांच्याकडे. त्या यंत्रणेत खोट होती. फाइल संपली, असं ती एक नोंद आधीच ठरवून टाकी. शेवटचा विद्यार्थी गळायचा. माहिती भरणाऱ्या मुलींनी त्यावर तोड काढली होती. प्रत्येक फाइलच्या शेवटी एक खोटा विद्यार्थी घालायचा. नाव गणपती, सगळ्या विषयांत शून्य. मशीन गणपतीला गिळायचं, खरी पोरं वाचायची. साहेबांनाही हे ठाऊक होतं.

दुरुगकरांना हे खपेना. "देवाले मशीनच्या तोंडी देऊन राहिले, अन् याले व्यवस्था म्हणता?" त्यांनी यंत्रणेचा कोड उकलला, फाइलचा शेवट ओळखणारा भाग नव्याने लिहिला, पुन्हापुन्हा चालवून पाहिला. मग मुलींना सांगितलं, "आता गणपती घालू नका वं पोरींनो. शेवटचं लेकरू बी सुखरूप येते." मुली हो म्हणाल्या आणि काटोल केंद्राच्या फाइलमध्ये सवयीने गणपती घालून मोकळ्या झाल्या.

निकालाच्या यादीत सर्वांत खाली छापून आलं: गणपती, नापास. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात आलं.

साहेबांनी मुलींना काही विचारलं नाही. दुरुगकरांना बोलावलं.

"जुनं होतं तसं करा."

"जुनं चूक होतं, साहेब."

"जुन्यानं कधी पेपरात नाव आणलं नाही."

"नीट केलेलं माह्या हातानं बिघडवाले सांगू नका. मले नाही जमत."

मग साहेबांनी ते दुसऱ्याकडून करवून घेतलं. गणपती पुन्हा रीतसर गिळला जाऊ लागला. दुरुगकरांची बदली स्टेशनरीच्या गोदामात झाली. निवृत्तीआधीच ते वारले.

जरीपटक्यातल्या त्यांच्या घरी मी वहिनींना भेटायला गेले, तेव्हा साहेबही तिथे चहा घेत बसले होते.

"यांच्या हातून मोठी चूक झाली होती म्हणे," वहिनी मला म्हणाल्या.

"चूक झाली नव्हती, वहिनी. त्यांनी चूक काढली होती."

"मंग यांले गोदामात काहून टाकलं?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"माणूस फार हुशार होता," ते म्हणाले, आणि चपला शोधू लागले.