इक्बालभाईंनी जमवलेली नावे

अहमदपूरचा बातमीदार असताना मी बातम्यांचे पाकीट एसटीने आमच्या दैनिकाच्या नांदेड कार्यालयात पाठवत असे. एकदा पाकीट गहाळ झाले, म्हणून बातमी घेऊन मीच तिथे जाऊन पोचलो. पाने लावायला इक्बालभाई बसले होते. "अप्पा, आधी चहा घ्या. बातमी कुठं पळून जाती?" असे म्हणून त्यांनी ती स्वतः टाइप केली. तेव्हापासूनचा हा स्नेह. आज ते साठ वर्षांचे होत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी लिहिताना मला आनंदापेक्षा ओझेच अधिक जाणवते आहे.

आमच्या दैनिकाकडे १९९३च्या भूकंपानंतरच्या छावण्यांचे शेकडो फोटो आहेत. बहुतेकांवर नावे नाहीत. "माणसाचा चेहरा छापला अन् नाव न्हाई, ही कसली छपाई?" असे इक्बालभाई म्हणत. सुट्टीच्या दिवशी ते फोटो घेऊन गावोगावी जात, जुन्या माणसांना दाखवत आणि परत आले की कागदावर टिपून आणलेली नावे संगणकावरच्या यादीत भरत. छावणीत काम केलेल्या उदगीरच्या निवृत्त परिचारिका संगम्माबाईंनी त्यांना चाळीस चेहरे ओळखून दिले. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या.

दोन वर्षांपूर्वी नांदेड आणि लातूर कार्यालयांतल्या फायली जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. त्या कामात लातूरचा संगणक चार महिने जोडणीबाहेर राहिला; संगम्माबाईंनी सांगितलेली नावे यादीत भरली गेली ती याच काळात. तोवर मी लातूर कार्यालयाचा प्रमुख झालो होतो आणि माझ्या संगणकावर यादीची त्याआधीची जुनी प्रत होती. जोडणीच्या दिवशी मी तिच्यात एक तारीख दुरुस्त करून ठेवली. थोड्या वेळाने इक्बालभाईंनी नांदेडच्या संगणकावर आपली ताजी यादी जतन केली. जोडणी होताच पडद्यावर चुकांचे संदेश येऊ लागले, मग आपोआप थांबले. त्यांनी यादी उघडली, तर संगम्माबाईंची चाळीसही नावे गायब. जुन्या प्रती, पुसलेल्या फायली, सगळे धुंडाळून त्यांनी मला फोन केला.

"अप्पा, तुमची फाइल अकरा वीसची दाखवते. हितं तर आत्ता सव्वा अकरा होऊन राहिले. तुमच्याकडं किती वाजले?"

"पावणेबारा."

पाने वेळेत छपाईला सुटावीत म्हणून लातूर कार्यालयातली सगळी घड्याळे मी अर्धा तास पुढे ठेवली होती. संगणकाचेसुद्धा. नवे सॉफ्टवेअर नंतरच्या वेळेची फाइल खरी मानत होते. माझी शिळी प्रत ताजी ठरली आणि तिने त्यांची यादी पुसली.

"लातूरकर लई फास्ट," ते म्हणाले. हसले कुणीच नाही.

तेव्हा आमच्याकडे नोकरकपात चालू होती. संपादकांच्या बैठकीत इक्बालभाई एवढेच म्हणाले, "गलती माझी हाय. टिपणाचे कागद मी ठेवाया पाहिजे होते." घड्याळाचा विषयही त्यांनी काढला नाही. माझी नोकरी राहिली, त्यांचे विभागप्रमुखपद गेले. मी गप्प बसलो. चूक माझी होती, हे आज आपणा सर्वांसमोर लिहितो आहे.

चाळीसपैकी अकरा नावे त्यांना आठवली. उरलेल्यांची तरी अंदाजाने भरा, असे मी सुचवले. ते म्हणाले, "दुसऱ्याचंच निघालं तर? त्यापेक्षा कोरं राहू द्या."

एकोणतीस जागा कोऱ्या आहेत. इक्बालभाई अजूनही सुट्टीच्या दिवशी फोटो घेऊन निघतात. ज्यांना दाखवायचे, ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. इक्बालभाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि ते चेहरे ओळखणारे जे कुणी उरले असतील, त्यांनाही, निदान इक्बालभाई दाराशी पोचेपर्यंत.