अंबूअक्कांचा कान आणि पन्नास सायकल

"घरघरतो कां रे?" भिंतीपलीकडून अंबूअक्कांनी विचारलं.

मी ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून त्याच्या लाकडी मुठीला कान लावून उभा होतो.

"नाही अक्का. छान गुणगुणतोय."

"सकाळीं गुणगुणतोच. संध्याकाळीं कण्हतो. तेव्हां ये कीं!"

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. तंजावरजवळच्या तिरुवैयारुच्या सबस्टेशनात मी नवाकोरा ज्युनियर इंजिनियर होतो. अंबूअक्का आमच्या भिंतीला लागून राहायच्या आणि चाळीस वर्षं गाणं शिकवत होत्या. आमच्यासारख्याच तंजावरच्या मराठी. हेल तमिळ, शब्द मात्र माझ्या पणजीच्या काळातले.

त्यांनी ऑफिसला तमिळमध्ये पत्र लिहिलं होतं. त्यात तक्रार नव्हती, प्रश्न होता. तुमचं यंत्र बदललं की माझा कान गेला? कान गेला असेल तर शुक्रवारपासून वर्ग बंद करते. गेलेल्या कानानं मुलींना शिकवायचं नाही.

आता ट्रान्सफॉर्मरचा आणि गाण्याचा काय संबंध, ते सांगतो. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. याला आम्ही पन्नास सायकल म्हणतो. तिच्याबरोबर ट्रान्सफॉर्मरमधलं लोखंड थरथरतं आणि एकसारखी गुणगुण ऐकू येते. सायकल बदलली नाही तर स्वरही बदलत नाही. अक्कांनी हे कुठल्याही पुस्तकाशिवाय ओळखलं होतं. रोज सकाळी त्या आमच्या ट्रान्सफॉर्मरवरून तंबोरा लावायच्या! "तार उतरते, खुंटी ढिली होते. सरकार ढिलें होत नाहीं," म्हणायच्या. सरकारवर इतका विश्वास मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

आमच्या क्लार्कनं, कल्याणमनं, रजिस्टरमध्ये 'नॉइज' लिहिलं. ते कळल्यावर अक्का भडकल्या आणि भिंतीवरूनच माझी शिकवणी घेतली. माशी भणभणते, त्यात सूर शोधू नये. जातं घरघरतं, म्हणजे काहीतरी घासतंय. भुंगा गुणगुणतो, त्यावर 'सा' लावता येतो. आणि आजारी माणूस कण्हतो तेव्हा स्वर असतो, पण तो खाली खाली बसत जातो.

"तुमचा कण्हतो. लिहून घे."

लिहिणार कुठे? आमच्या रजिस्टरात एकच शब्द होता, 'हमिंग', आणि त्यापुढे दोन रकाने, नॉर्मल आणि ॲबनॉर्मल. तरी मी घरघर गृहीत धरून सगळे बोल्ट तपासले, कारण सैल बोल्टनं घरघर होते. एकही सैल नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी वर्गात जाऊन बसलो. अक्कांनी ट्रान्सफॉर्मर ऐकत तंबोऱ्याच्या तारा थोड्या उतरवल्या. कमला, त्यांची सगळ्यांत गुणी शिष्या, सकाळच्या सवयीनं गायली आणि स्वर वर गेला. दुसऱ्यांदा तेच. अक्कांनी हात थांबवला.

"हिचें चुकतें कीं माझें? तीन आठवडे झाले रे." त्यांचे डोळे भरून आले होते.

मी धावत पॅनेलकडे गेलो. सायकल दाखवणारा फ्रीक्वेन्सी मीटर होता. सुई बरोबर पन्नासवर! तेवीस वर्षांचा होतो, डिप्लोमाची शाई वाळली नव्हती. परत येऊन छाती काढून सांगितलं, "अक्का, पन्नास म्हणजे पन्नास. यंत्रात काही दोष नाही."

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि मुलींना घरी जायला सांगितलं.

गुरुवारी सकाळी ऑफिसात शिरलो तर कल्याणम स्टुलावर चढून भिंतीवरच्या विजेच्या घड्याळाचे काटे सरकवत होता.

"काय रे, बिघडलं?"

"रोजचंच आहे, सर. संध्याकाळी चार तासांत दहा मिनिटं मागे पडतं. भंगारात टाका एकदाचं!"

माझ्या हातातली पिशवीच पडली. अहो, त्या घड्याळाला स्प्रिंग नसते. ते विजेच्या सायकली मोजत चालतं. चार तासांत दहा मिनिटं मागे म्हणजे पन्नासच्या अठ्ठेचाळीस झाल्या! मी पॅनेलवरून मीटर उतरवला, काच काढली, सुईला बोटानं ढकललं. ती जागची हलेना. आत गंजून पन्नासवर बसली होती.

रामनाथन सर, आमचे असिस्टंट इंजिनियर, खवळले. "मीटर खोटा? चार वर्षं मी सही करतोय! रोज फिफ्टी!"

"म्हणूनच म्हणतो सर. चार वर्षांत एकदाही कशी हलली नाही?"

सर बराच वेळ लॉगबुक चाळत राहिले. मग म्हणाले, "जा, त्या बाईंना सांग. आणि माझ्या वतीनं माफी माग."

त्या हंगामात डेल्टातल्या भातशेतांवर नवे पंपसेट लागले होते. संध्याकाळी दिवे आणि पंप एकदम चालू झाले की वीज पुरी पडेना, सायकल खाली यायची आणि तिच्याबरोबर आमचा ट्रान्सफॉर्मरही कण्हायचा.

हे ऐकून अक्कांनी माझा कान धरून करकचून पिळला. "हा गेला होता, हा!" आणि खदखदून हसल्या. कमलाला तिथल्या तिथे बोलावणं गेलं. गवसणी उतरली. मला दोन डवरे, म्हणजे दोन पितळी वाट्या भरून, कॉफी प्यावी लागली, आणि कमला गायली तेव्हा खरं सांगतो, मलाच रडू फुटलं. शुक्रवारी वर्ग भरला. फक्त संध्याकाळी तंबोऱ्याच्या खुंट्यांना हात लावायचा नाही, असा नवा नियम झाला.

नवीन मीटर यायला सात महिने लागले. लॉगबुकचा रकाना तर रिकामा ठेवता येत नाही. मग रोज संध्याकाळी अक्कांची चिठ्ठी यायची, 'आज बरा', 'आज फार बसला', आणि सर त्यावरून 'नॉर्मल' किंवा 'लो' लिहून सही करायचे. एकदा वरून इन्स्पेक्शनला साहेब आले. त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं.

"मीटर नाही म्हणता. मग हे रीडिंग कशावरून?"

"कानावरून सर," रामनाथन सर शांतपणे म्हणाले. "जुना आहे, पण टेस्ट करून घेतलाय."

साहेबांनी त्याखाली 'सीन', म्हणजे 'पाहिलं', असं लिहिलं. सबंध नोकरीत मी एवढं एकच शिकलो. चार वर्षं एकच आकडा येत असेल, तर सही करण्याआधी काच उघडून बघावी.