आमचा पी.पी. फोन आणि माझा राउटर

नव्याण्णव साल. सुरतेला, नवागामच्या आमच्या घरात त्या दिवशी सकाळी अकरा वाजता माझ्याइतका हुशार माणूस अख्ख्या गुजरातेत नव्हता... असं निदान मला तरी वाटत होतं.

कारण माझा राउटर चालू झाला होता! भंगारातून आणलेला जुना फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं लिनक्स आणि एक मोडेम. आठवडाभर डोळे फोडून घेतले, पण आता वर माझा कॉम्प्युटर आणि खाली दादाचा साडीच्या डिझाइनचा, दोघांनाही एकाच फोनवर इंटरनेट.

वर शहाणपणा असा की कुणी नेट मागितलं की तो डबा आपोआप डायल करायचा. पाच मिनिटं कुणी काही मागितलं नाही की आपोआप लाईन सोडायचा. डायल करतानाची मोडेमची किंचाळी आईला सहन व्हायची नाही, म्हणून कमांड देऊन आवाजही बंद केला. डबा माळ्यावर... ना स्क्रीन, ना आवाज.

आणि फोन? गल्लीत एकच, आमचा. पंधरा घरांचा पी.पी. नंबर. गावाकडून, अमळनेरहून, शिरपूरहून कुणाचाही फोन आला की आई दारातून हाक मारायची आणि ते माणूस चप्पल न घालता पळत यायचं.

साडेबाराला एक रिक्षावाला ओरडत आला, "पलसाणामां बोईलर फाट्युं!" बॉयलर फुटला, पण कुठल्या मिलमध्ये, किती माणसं, काही पत्ता नाही.

समोरच्या वंदनावहिनींचे मिस्टर, भास्करभाऊ, सुरतेबाहेर पलसाण्यालाच एका प्रोसेस हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या मिलमध्ये, डाईंगला होते. पहिली पाळी. वहिनी कणकेच्या हातांनी तशाच धावत आल्या. "भाऊ, फोन उना का?"

नव्हता आला. मिलचा नंबर गल्लीत कुणाकडेच नव्हता. दादाने तडक स्कूटर काढली आणि तो पलसाण्याला निघाला, कॉम्प्युटर तसाच चालू टाकून.

भास्करभाऊ धड असतील तर आधी इथेच फोन करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मी पुढारी झालो. फोनसमोर स्टूल टाकून बसलो आणि फर्मान काढलं... रिसीव्हरला कुणी हात लावायचा नाही, लाईन मोकळी राहिली पाहिजे! शेजारचे आबा मेहुण्याला फोन लावायला आले तर त्यांच्यावरसुद्धा खेकसलो.

एक वाजला. दीड वाजला. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत वीस-बावीस माणसं. वहिनींच्या हातावरची कणीक वाळून तिचे पापुद्रे पडायला लागले होते.

कुणीतरी हळूच म्हणालं, "धड असता तर एव्हाना फोन नसता का केला?" आई त्याच्यावर असली कडाडली! पण वहिनींनी ऐकलं होतं. त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि डोळे मिटून घेतले.

सव्वादोनला वहिनी उठल्या आणि मी "अहो, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी रिसीव्हर उचलला. कानाला लावला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "भाऊ... यामा कोण वरडी ऱ्हायनं?"

मी तो हिसकावून घेतला. तीच किंचाळी... मोडेमची. मी स्वतः गप्प केलेली!

लाईन मोकळी नव्हतीच, नेट चालू असलं की फोन एंगेज. दादाचं विंडोज दर दोन-तीन मिनिटांनी स्वतःहून नेटवर काहीतरी विचारत होतं, त्यामुळे पाच मिनिटांची शांतता डब्याला कधी मिळालीच नाही. हे संध्याकाळी कळलं. त्या क्षणी फक्त माळ्यावर चढलो आणि प्लग उपटला.

खाली येऊन रिसीव्हर जागेवर ठेवला. चार मिनिटं... आयुष्यात तेवढा देव मी कधी आठवला नाही.

घंटी वाजली.

"कोण बोली ऱ्हायनं व्हतं रे दोन तासफाईन?" भास्करभाऊ! असे तापलेले की पुढच्या शिव्या इथे लिहिता येणार नाहीत. बॉयलर शेजारच्या मिलचा होता, त्यांना ओरखडाही नव्हता. एसटीडी बूथवर वीस-पंचवीस कामगारांची रांग, आणि नियम असा की एंगेज लागला तर परत रांगेच्या शेवटी. माणूस चार वेळा शेवटी जाऊन उभा राहिला होता.

वहिनींनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. एवढंच विचारलं, "जेवनात का तुम्ही?" आणि मग मात्र अशा रडल्या की आम्हा सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी.

पुढचं सांगायची लाज वाटते, पण सांगतोच. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पोराने कोणाला फोनला हात लावू दिला नाही, म्हणून तर लागला!" सगळे माना डोलवायला लागले. आणि मी... मी काही बोललो नाही.

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. ती किंचाळी त्यांनी ऐकली होती, माळ्यावर पळताना मला पाहिलं होतं. सगळं कळलं होतं त्यांना. एक शब्द बोलल्या असत्या तर गल्लीत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

त्या फक्त माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ते बंद से ना आते?" मी मान डोलावली, बंदच होतं आता. "मग झालं," म्हणाल्या आणि कणकेचे हात धुवायला घरी गेल्या.

आजपर्यंत त्यांनी हे भास्करभाऊंनासुद्धा सांगितलेलं नाही. म्हणून आज मीच सांगतोय. भाऊ, त्या दिवशी लाईन मीच अडवली होती... आता द्या त्या उरलेल्या शिव्या. आणि वहिनी, तुमचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.