इंदूच्या सत्तरीचं जेवण

इंदू घास अडकून गेली नाही.

हे आधी सांगतो. कारण शेवटची दोन वर्षं मला तीच एक भीती होती.

आज वर्ष झालं. पहाटे झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी बायकोच्या हृदयाकडे कधी लक्षच दिलं नाही. मी गळ्याकडे बघत बसलो होतो.

सातवी शिकलेला माणूस आहे. एका बोटानं टाइप करतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

इंदूला लकवा झाला. बोलणं परत आलं, पाय परत आला. गिळणं मात्र बिघडलं. घोटभर पाणीही श्वासनळीत जायचं. डॉक्टरांनी सांगितलं, सगळं मिक्सरमधून काढून द्या. ताठ बसवा. हनुवटी खाली. छोटा चमचा.

मी ते नेमानं पाळलं. दुसऱ्या कुणाला भरवू दिलं नाही. प्रत्येक घासाला विचारायचो, "गिळला? तोंड उघड."

"मी काय लेकरू हाय का?" म्हणायची. आणि तोंड उघडायची.

बिडकीनच्या शाळेत तिनं वीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली. पोरं जेवली की उरलेलं ही उभ्यानंच खायची.

सत्तरावा वाढदिवस जवळ आला. पुण्याहून मनीषाचा, आमच्या मुलीचा फोन. "अण्णा, या वेळी आईला मोठ्या हॉटेलात न्यायचं."

मी नाही म्हणालो.

इंदूनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"मने, मला यायचंय. खुर्चीवर बसून, कार्ड बघून मागवायचंय. लई दिवसांचं मनात हाय."

मग हॉटेल मी निवडणार, असं सांगून टाकलं. दुसऱ्या कुणावर सोडायची छाती नव्हती.

शेजारच्या युसूफभाईंची रिक्षा आहे. आठवडाभर त्यांच्यासोबत फिरलो.

जालना रोडवरच्या एका हॉटेलात सोफे होते. बसलो तर रुतलो. इंदू तिथं ताठ कशी बसणार?

एक गच्चीवर होतं. लिफ्ट एकच. काही झालं तर खाली कधी पोचायचं?

आणखी एकात गाणी एवढ्या मोठ्यानं, की शेजारच्या माणसाला ठसका लागला तरी कळायचं नाही. तिथला वेटर मेनू घेऊन आला. म्हणालो, "मेनू नको, खुर्ची बघायचीय." तो मॅनेजरला बोलवायला गेला.

शेवटी क्रांती चौकाजवळ एक सापडलं. तळमजला. सरळ पाठीच्या लाकडी खुर्च्या. तिथून दवाखान्यापर्यंत रिक्षा न्यायला लावली, घड्याळ बघितलं. सहा मिनिटं.

युसूफभाई म्हणाले, "भाईसाब, भाभी को खाना खिलाने लेके जा रे, या भरती करने?"

मला हसू आलं नाही. वाढदिवशी जेवण होईपर्यंत दारातच रिक्षा लावून बसा, असं त्यांना सांगितलं. बसले बिचारे.

आणि अजून एक केलं. त्या दिवशी सकाळीच तिथल्या मॅनेजरकडं डबा देऊन आलो. मिक्सरमधून काढलेला वरणभात. म्हणालो, "ती काहीही सांगू द्या, लिहून घ्या. पण तिच्यापुढं हेच आणा."

इंदू मोरपंखी साडी नेसली होती. कार्ड हातात घेतलं. मनीषा वाचून दाखवायला लागली तर म्हणाली, "थांब गं. माझं मी वाचते."

बोट ठेवून ठेवून वाचलं. बराच वेळ लागला. वेटर चांगला होता, थांबला.

"पनीर कोफ्ता. मऊ असतो का रे?"

"एकदम मऊ, आजी."

"मग तोच आण. आणि रस्सा जास्ती."

वेटरनं लिहून घेतलं. एकदा माझ्याकडं बघितलं.

सगळ्यांची ताटं आली. तिच्यापुढं वाटी आली.

तिनं एक चमचा तोंडात घातला. थांबली.

"हे आपल्या घरचं वरण हाय."

मनीषानं वाकून वाटीत बघितलं.

मी म्हणालो, "तुझ्याच भल्यासाठी, इंदू."

"मग कार्ड कशाला दिलं मला?"

मनीषानं स्वतःची प्लेट तिच्याकडं सरकवली. "आई, माझ्यातलं घे." इंदूनं हात पुढं केला.

मी तिचं मनगट धरलं. सगळ्यांदेखत. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

इंदूनं हात मागं घेतला. वाटी पुढं ओढली आणि सगळी संपवली. ताठ बसून. हनुवटी खाली. प्रत्येक घासानंतर, मी न विचारता, माझ्याकडं वळून तोंड उघडून दाखवत.

एकदाही ठसका लागला नाही.

बाहेर आल्यावर युसूफभाईंना म्हणालो, "देवाची कृपा. काही झालं नाही."

तीन महिन्यांनी ती गेली.

आता जे लिहितो, ते मनीषालाही माहीत नाही.

वाढदिवसाच्या महिनाभर आधी इंदूची परत तपासणी झाली होती. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, "चांगली सुधारणा आहे. आता मऊ जेवण सुरू करा. हळूहळू, सांभाळून."

इंदू बाहेर बाकावर बसली होती. तिनं विचारलं, "काय म्हणले?"

मी म्हणालो, "आहे तसंच चालू ठेवा म्हणाले."

डॉक्टर खोटं बोलतात असं मला वाटलं नव्हतं. मला भीती वाटत होती. सांगून ते मोकळे होणार, आणि घास अडकला तर समोर मी एकटा असणार. दिवाळीनंतर सांगू म्हटलं. मग संक्रांतीनंतर.

मने, फोनवर हे सांगायचा धीर झाला नाही. तू माझ्याशी बोलायचं बंद करशील अशी भीती वाटते. हे लिहून चार वेळा पुसलं. आता पुसत नाही. आईला तो कोफ्ता खाता आला असता. मी खाऊ दिला नाही.

इंदू, तुझ्या भित्र्या नवऱ्याचा तुला नमस्कार.