उभ्या सायकलीचा उजेड

डोंगरकडा गावची करुणा पाईकराव सायकल शिकली ती लग्नानंतर, आशाताई म्हणून कामाला लागल्यावर. तिच्या वाट्याची निम्मी घरं गावात नव्हतीच. कालव्यापलीकडे केळीच्या बागांमध्ये, हळदीच्या रानांत लोक आखाडे, म्हणजे शेतातली घरं, करून राहत. गरोदर बायांची विचारपूस, लेकरांचे डोस, म्हाताऱ्यांच्या गोळ्या हे सगळं पायी उरकायचं तर दिवस पुरत नसे. कालव्याच्या भरावावरची वाट इतकी चिंचोळी की मोटारसायकलवालेही तिथं जीव मुठीत धरून जात. सायकल मात्र बरोबर जायची.

अडचण होती ती परतीची. बाया दिवसभर रानात आणि दिवस मावळताना घरात. त्यामुळे करुणाला निघायला अंधार व्हायचाच. तिनं हँडलला सेलची बॅटरी सुतळीनं बांधली होती. सेल कधी दगा देतील याचा नेम नसे. चार्जिंगची बॅटरी आणली, तर ती चार्ज करायच्या वेळेलाच गावातली लाईट गेलेली असायची.

मागच्या हिवाळ्यात कालव्याला पाणी सोडलेलं असताना ती बॅटरी भरावावरच विझली. समोर म्हैस आडवी उभी होती. ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. करुणानं हँडल वळवलं आणि सायकलीसकट ती पाण्यात गेली. सिमेंटच्या उतारावर शेवाळ होतं, पाय टिकेना. पाण्यानं तिला ओढत नेलं ते एका शेतकऱ्याच्या पाणी उपसायच्या मोटारीच्या पाइपापर्यंत. तिथं तिनं दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ओरडायला सुरुवात केली. जवळच्या आखाड्यावर राहणारा संतराम दोर घेऊन धावत आला, तेव्हा कुठं ती बाहेर निघाली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. सायकल दुसऱ्या दिवशी गळ टाकून काढली.

तिचा नवरा विकास तसा बोलणारा माणूस नव्हता. पण प्लास्टर घालून घरी आल्यावर तो म्हणाला, "बस झालं आता. उजेडात जाऊन उजेडात यायचं. न्हाईतर जायचंच न्हाई."

"उजेडात बाया घरी नसत्यात. मी काय दाराच्या कुलपाला तपासू?"

"मंग काय करतीस? पुन्हा पडतीस का कालव्यात?"

"सेल न लागणारा लाईट लावते," करुणा म्हणाली.

विकास उठून बाहेर गेला. त्याला ते रागातलं बोलणं वाटलं. पण प्लास्टर निघालं त्याच दिवशी करुणा हिरासिंगच्या सायकलच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"डायनमो?" हिरासिंग हसला. "बहन, अब कौन लगाता है? पोरं मोबाइलची बत्ती दाखवून चालवतात."

"माझे दोन्ही हात हँडलवर लागतात, भाऊ. मनगट अजून कच्चं हाय."

हिरासिंगनं तिच्या मनगटाकडं पाहिलं. मग पत्र्याची पेटी उलथीपालथी करून त्यानं बाटलीच्या आकाराचा जुना डायनमो काढला, तो मागच्या चाकाशी बसवला आणि त्याचं छोटं चाक टायरला टेकवलं. करुणानं पायडल मारताच पुढचा बल्ब पिवळा पेटला. तिला इतका आनंद झाला की ती बसस्टँडपर्यंत उगाच जाऊन आली.

आनंद दोन दिवस टिकला. भरावावरून खाली उतरताना सायकलीनं वेग घेतला, बल्ब पांढरा फटक झाला आणि उडाला. दुसरा लावला, तोही उडाला. करुणानं सायकल एसटीच्या टपावर टाकली आणि हिंगोली गाठली. तिथं तिचा भाऊ धम्मदीप टीव्ही-पंखे दुरुस्त करत असे. त्यानं बल्ब काढून एलईडी बसवला आणि वेगात जास्तीची वीज आली तरी तो जळू नये म्हणून आत बारकं सर्किट घातलं. उजेड लख्ख पडायला लागला.

मग पाऊस आला. ओल्या टायरवरून डायनमोचं चाक नुसतं घसरायचं, आणि भरावावर पुन्हा अंधार. हिरासिंगनं स्प्रिंग घट्ट केली, तर टायर घासायला लागला. करुणा घरी बसून विचार करत राहिली. शेवटी तिनं जुन्या ट्यूबची गोल पट्टी कापली आणि डायनमोच्या चाकावर टोपीसारखी ताणून बसवली. पहिली निघून गेली. दुसरी फाटली. तिसरी कापताना विकास शेजारी येऊन बसला आणि न सांगता ट्यूब धरली.

"जरा अरुंद काप," तो म्हणाला. "ताण बसंल तिला."

ती बसली, आणि पावसातही टिकली.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पलीकडच्या आखाड्यावर ऐश्वर्या नावाच्या पोरीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. करुणा पोचली तेव्हा दिवस बुडत होता. पोरीचं अंग तापलं होतं, पाय सुजले होते. आखाड्यावर ठेवणं धोक्याचं होतं. करुणानं अँबुलन्स बोलावली. ड्रायव्हर नवा होता, लांबच्या गाडीवाटेनं येताना तो केळीच्या बागांमध्ये वाट चुकला. वाट सांगता सांगताच करुणाचा फोन बंद पडला. ऐश्वर्याच्या सासूकडं फोनच नव्हता आणि घरातली माणसं गाडी शोधायला भलत्याच दिशेला पळाली होती.

"मनकर्णाकाकू, तुमी तिच्यापाशी बसा. तिचा हात सोडू नका," करुणा सासूला म्हणाली, आणि सायकल घेऊन दोन वाटा फुटतात त्या वळणावर गेली. दूर बागेमागं गाडीचा दिवा हलताना दिसत होता. ती ओरडली, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? आणि सायकल थांबली की लाईटही विझायचा.

तिनं सायकल स्टँडवर चढवली. मागचं चाक अधांतरी झालं. मग खाली बसून ती हातानं पायडल फिरवायला लागली. उजेडाचा झोत केळीच्या पानांवरून थेट पलीकडं गेला. मनगट ठणकत होतं. तिनं हात बदलला, परत बदलला, पण चाक थांबू दिलं नाही. दूरचा दिवा थबकला, मागं सरकला आणि तिच्याकडं वळला.

ड्रायव्हर खाली उतरला तेव्हाही ती चाक फिरवतच होती. "ताई, आलो आलो, थांबा आता," तो म्हणाला. तिला उठताच येईना. गुडघे चिखलात रुतले होते.

दवाखान्यात पहाटे ऐश्वर्याला मुलगी झाली. वजनानं कमी, पण रडण्यात कमी नाही. दोघी सुखरूप घरी आल्या.

त्यानंतर धम्मदीपनं सर्किटमध्ये वीज थोडी साठवणारा एक बारका भाग घातला. आता सायकल उभी राहिली तरी लाईट काही वेळ तग धरतो. शेजारच्या गावची आशाताई प्रियदर्शनी हे बघून म्हणाली, "मलाबी लावून दे." हिरासिंगनं हिंगोलीहून आणखी डायनमो मागवले, आणि ते बसवायला करुणा स्वतः पाना घेऊन बसली.

प्रियदर्शनी चक्कर मारून आली ती धापा टाकत.

"काहून गं, जड लागून राहिलं ना पायडल!"

"लागणारच," करुणा नट आवळत म्हणाली. "उजेड तुझ्याच पायातून निघून राहिला."

प्रियदर्शनीनं पदर खोचला आणि आणखी एक चक्कर मारायला निघाली.