सहा फुटी टाकी आणि तिची उघाडी

टाक्या हा माझा धंदा आहे. तळोज्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं मी रसायनांच्या टाक्यांची ड्रॉइंगं करते. ॲसिडच्या, सॉल्व्हंटच्या, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी डोकं बाहेर येणार नाही अशा. त्यामुळे खारघरच्या आमच्या हॉलमध्ये माशांची सहा फुटी टाकी बसवायचं मी ठरवलं, तेव्हा कुणाचा सल्ला घ्यावा असं मला वाटलं नाही. नवऱ्यानं एकदा दबकत विचारलं की लहान टाकीनं भागणार नाही का. मी म्हटलं, नाही भागणार. तो साताऱ्याचा आहे, पाण्यातलं त्याला विहिरीपलीकडे काही कळत नाही.

टाकी बाबांसाठी होती. आठ महिन्यांपूर्वी गावच्या घरात जिन्यावरून पडले, गुडघा गेला, म्हणून मी त्यांना उचलून इथं आणलं. मी एकुलती एक, दुसरं कोण आणणार. आमचं गाव खाडीकाठचं. बाबांनी उभा जन्म खारीची शेती, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेली शेती, आणि जिताडा माशाचं तळं सांभाळण्यात घालवला. शेती आधीच गेली होती, तळंही तीन वर्षांपूर्वी भरणीखाली गेलं, त्यावरून आता रस्ता जातो. चौथ्या मजल्यावर बाबा सकाळी अंघोळ करून हॉलमधल्या खुर्चीत बसत ते जेवणापर्यंत, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत. टीव्ही लावून दिला तर आवाज बंद करत. मध्येच सदऱ्याच्या खिशाला हात लावून गावच्या घराची चावी आहे ना, ते बघत. आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं की गुडघा आता बरा आहे, मी माझ्या घरी जातो, कायमचा.

बरा कसला. संडासातून उठताना भिंत धरावी लागते. त्या रिकाम्या घरात पुन्हा पडले तर शेजारणीला कळेपर्यंत दिवस मावळायचा. मी घाबरले होते, हे सरळच सांगते. घाबरले की मी काहीतरी बांधायला घेते. ज्या भिंतीकडे हा माणूस बघत बसतो, तिथंच पाणी आणून ठेवायचं, असं मी ठरवलं.

मग मी रीतसर कामाला लागले. सहा बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे पाणी, काच, दगड, रेती, स्टँड सगळं धरून वजन टनाच्या आसपास. बिल्डिंगचा नकाशा काढून त्या भिंतीखालूनच बीम जातो याची खात्री केली. सोसायटीच्या सेक्रेटरींना टेन्शन आलं की स्लॅब खाली येईल. त्यांच्यापुढे मी चार पानी हिशेब ठेवला, दुसऱ्या पानावर त्यांनी हात टेकले. स्टँडसाठी कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाऊन चौकोनी पाइप स्वतः निवडला. दुकानदार गंजका माल पुढे सरकवत होता, मी नखानं पापुद्रा काढून दाखवल्यावर तो मुकाट्यानं आतला माल काढायला गेला.

मासे कुठले, यावर मात्र माझा एक रविवार गेला. दुकानात शोभेचे मासे पुष्कळ होते, झालरी हलवत सावकाश फिरणारे. बाबांना ते दोन मिनिटांत कंटाळवाणे वाटले असते. मग एका टाकीत निळे, पिवळे, पट्टेवाले सिक्लिड दिसले. एक पिवळा बोटभर मासा आपल्या दगडाजवळ कुणी फिरकला की अंगावर धावून जात होता. सगळ्यांचं हेच चाललेलं, माझी हद्द, तुझी हद्द. आमच्या गावच्या ग्रामसभेची आठवण झाली आणि मी तिथंच ठरवलं. दुकानवाल्यानं समजावलं की हे भांडखोर मासे थोडे ठेवले तर एकाला वेचून मारतात, बरेच ठेवले आणि लपायला दगडांच्या कपारी केल्या की भांडण वाटलं जातं. खातात भरपूर, घाण भरपूर, त्यामुळे दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. मी सगळं लिहून घेतलं.

घरी येऊन बाबांना फोनवर फोटो दाखवला. त्यांनी फोन हात लांब करून धरला, मग जवळ आणला.

"ही त चिलापी हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, चिलापी त्यांच्याच कुळातली, पण हे आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यातले, रंगीत. बाबा आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले.

"जिताड्याचं खानं हॉलमंदी पोसनार तू?"

खरंच होतं ते. जिताडा पोसायचा तर तळ्यात चिलापी सोडतात, ती वाढते आणि जिताडा तिच्यावर वाढतो. म्हणजे मी बाबांसाठी खास निवडून आणणार होते ते माशांचं चारापाणी. पण ते हसले होते, मला तेवढं पुरे होतं. मी नेरूळच्या काचवाल्याला ड्रॉइंग पाठवून दिलं.

दोन दिवसांनी त्या ड्रॉइंगची प्रत जेवणाच्या टेबलावर पडली होती. बाबा तिच्यावर वाकले होते. त्यांना मराठी वाचता येतं, ड्रॉइंगमधलं इंग्रजी नाही, पण रेघा त्यांना कळतात. त्यांनी बोट कागदाच्या चारही बाजूंनी फिरवलं.

"हिची उघाडी कुठं हाय?"

उघाडी म्हणजे खारीच्या बांधातली झडप. भरतीला ती बंद होते, ओहोटीला उघडते, आतलं पाणी बाहेर जातं. आमच्याकडे बांध घालताना आधी उघाडीची जागा ठरते, मग बांध. मी म्हटलं, बाबा, घरातली टाकी आहे ही, उघाडी कशाला, रविवारी सुट्टी असते, मी नळी लावून पाणी काढीन. तू आरामात बसून बघ. आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात, त्यात प्रेमही मावतं आणि रागही.

"बसून बघाला टीव्ही हाय," बाबा म्हणाले. "मी सनवारी गावाला चाललो."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कुणासाठी चाललं होतं हे सगळं? बीम कुणासाठी शोधला, लोखंड बाजारातली धूळ कुणासाठी खाल्ली? मी ताट आपटलं आणि न जेवता उठले. पुढचा पूर्ण दिवस आम्ही बोललो नाही. या बाबतीत मी त्यांच्यावर गेले आहे.

गुरुवारी कारखान्यात एक ड्रॉइंग माझ्याकडे तपासायला आलं. टाकीच्या तळाला ड्रेनचं तोंड दाखवलेलं नव्हतं. मी लाल पेनानं खूण केली, परत पाठवायला कागद उचलला, आणि खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर नजर गेली. आमच्याकडे नियम आहे: टाकी ज्याची, त्याची त्या चौकटीत सही झाल्याशिवाय ड्रॉइंग शॉपफ्लोरवर जात नाही. टाकी आम्ही बनवतो, पण ती रोज वापरायची असते त्याला. एका सहीसाठी मी लोकांना महिना महिना थांबवलं आहे.

बाबांच्या टाकीच्या ड्रॉइंगवर ती चौकटच मी काढली नव्हती. ड्रेनही नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण ड्रेन विसरल्याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. त्या अख्ख्या टाकीत मी बाबांच्या हाताला काही कामच ठेवलं नव्हतं, हे मात्र फार लागलं. साठ वर्षं पाणी आत घेणारा आणि बाहेर सोडणारा माणूस, त्याला मी नवी भिंत बांधून देत होते, फक्त या भिंतीत मासे होते.

काचवाल्याला फोन लावला. तळाची काच दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीत जाणार होती. भट्टीत तापवून टफन झालेल्या काचेला भोक पाडायला गेलं की तिचा चुरा होतो, म्हणजे जे काही करायचं ते त्याच दिवशी. तो म्हणाला, मॅडम, घरच्या टाकीला खालून भोक कुणी मागत नाही, उद्या गळालं तर माझ्या नावानं ओरडाल. मी सांगितलं की भोकांमधलं मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं आणि गळालं तर मी माझ्याच नावानं ओरडेन. त्यानं भोक पाडलं.

त्याच संध्याकाळी मी नवं ड्रॉइंग काढलं, या वेळी मराठीत. तळाला भोक, खाली पाइप, बाल्कनीतल्या सांडपाण्याच्या जाळीपर्यंत उतार, आणि स्टुलावर बसून हात पोचेल एवढ्या उंचीवर व्हॉल्व्ह. त्याच्या शेजारी लिहिलं: उघाडी. कोपऱ्यात सहीची चौकट आखली आणि कागद बाबांसमोर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, घडी घातली, खिशात चावीशेजारी ठेवला.

शनिवारी सकाळी पिशवी भरून ते निघाले. मी अडवलं नाही. रिक्षात बसवलं, गोळ्या दाखवल्या, वर आले आणि बाथरूमचा नळ सोडून रडले. हरले, असं वाटलं मला. नवरा दाराबाहेरून म्हणाला की टाकीचं काय ते बघू, तू आधी बाहेर ये.

रविवारी दुपारी खालून वॉचमनचा फोन आला की तुमच्या नावावर टेम्पो आलाय, दगड घेऊन. खाली गेले तर टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बाबा, आणि मागे काळे, घोटीव, घासून धुतलेले पंचवीस-तीस दगड. आमच्या उघाडीच्या बांधकामाचे. भरणी करताना ते रस्त्याच्या कडेला ढकलून दिले होते, मी तिथून शंभर वेळा गेले असेन, मला ते कधी दिसले नव्हते. बाबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कामाला लावून ते उपसले होते.

लिफ्टमध्ये ते म्हणाले, "दगर आदी ठेव काचेवर, खाली रबर घालून. रेती मंग. चिलापी उकरते, खड्डा करून अंडी घालते. रेतीवर ठेवलंस त समदं ढासलंल."

माझ्या हिशेबात रेती आधी होती. मी मान हलवली.

वर आल्यावर ते पाणी प्यायले, मग त्यांनी खिशातून ड्रॉइंग काढलं आणि पेन मागितलं. व्हॉल्व्ह डाव्या बाजूला होता, त्यावर काट मारून उजवीकडे गोल काढला, डावा गुडघा वाकत नाही म्हणाले. मग चौकटीत सावकाश पूर्ण नाव लिहिलं. पंख्यानं कागद उडायला लागला, तेव्हा त्यांनी गावच्या घराची चावी काढून त्यावर ठेवली आणि विचारलं, पाणी कुठल्या वारी सोडायचं.