चिठ्ठीवरचं नाव

पत्नी गेल्यावर सहा महिन्यांनी माझी वणीला बदली झाली. सरकारी कारकुनी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मुलगी पुण्यात, तिच्या संसारात. मी एका शेतकरी कुटुंबाच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. सोमवार ते शनिवार कचेरीत निघून जायचे. रविवार काही केल्या जायचा नाही.

पहिले काही रविवार मी एसटीनं यवतमाळला, आमच्या चर्चला गेलो. आम्ही प्रोटेस्टंट. ज्या बाकावर दोघं इतकी वर्षं बसलो तिथे मी एकटा जाऊन बसलो की मागची माणसं आवाज खाली आणत. उपासना संपली की पाळकसाहेब माझा हात धरून म्हणत, "ती प्रभूजवळ आहे. आता चिंता कसली?" त्यावर माझाही विश्वास होता. पण त्यानंतर तिच्याबद्दल कोणी काही बोलत नसे. हळूहळू मी जाणं सोडलं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी घरमालकीणबाई अंगणात सोयाबीन वाळत घालत होत्या. मी दारात नुसता उभा होतो.

"काहून जी, आजबी घरातच?" त्यांनी विचारलं. "कोळसा खाणीच्या रस्त्याले तुमचं चर्च हाय ना. जाऊन या. बसून बसून माणूस बिमार पडते."

ते कॅथलिकांचं चर्च होतं, आमचं नव्हे. हा फरक त्यांना काय समजावणार? लहानपणी आई बजावायची, तिकडे मूर्तीपुढे मेणबत्त्या लावतात, आपण जायचं नाही. तरी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघालो.

दाराशी टेबल मांडून एक वयस्कर सिस्टर बसल्या होत्या. माणसं चिठ्ठ्यांवर काही लिहून त्यांच्यापुढच्या डब्यात टाकत होती. सिस्टरनी माझ्यापुढेही कोरी चिठ्ठी सरकवली. हा महिना मृतांच्या आठवणीचा, त्या हिंदीत म्हणाल्या, कोणाचं नाव द्यायचं आहे का?

आमच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. मी म्हणालो, "सिस्टर, मैं आपके चर्च का नहीं हूँ."

"तो क्या हुआ?" त्या म्हणाल्या. "नाम तो है ना?"

मी नाव लिहिलं. तिचं, मग माझं, मग आडनाव. ती शिकवायची त्या शाळेच्या कागदांवर असायचं तसं. आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

उपासना हिंदीत होती, कारण खाणीवर कामाला आलेली माणसं आंध्रातली, झारखंडची, केरळची. ती कधी उभी राहत, कधी गुडघे टेकत. मी दरवेळी एक क्षण मागे. प्रवचन झाल्यावर फादरनी चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. काही नावं वाचून ते थांबत आणि सगळे मिळून देवाकडे त्यांच्यासाठी विश्रांती मागत. बरीच नावं मला कळतही नव्हती.

मग तिचं आलं. फादर दक्षिणेकडचे, त्यांनी ते जरा वेगळंच उच्चारलं. पण तिचंच होतं. आणि त्या अनोळखी माणसांनी एका आवाजात तिच्यासाठी विश्रांती मागितली.

शाळेत ती सगळ्यांची बाई होती. मुलीची मम्मी. चर्चमध्ये तिला माझ्या आडनावानं ओळखत. आणि मी? मी आयुष्यभर "अगं" म्हणालो. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा "अगं, ऐकतेस का" एवढंच. मी रुमाल काढला आणि तोंडावर धरून बसलो. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, नुसती पिशवी उचलून मला थोडी जागा करून दिली.

प्रभुभोजनाची वेळ झाली तेव्हा सारे भाकर घ्यायला ओळीनं पुढे गेले. मी कॅथलिक नसल्यानं मला जाता येत नव्हतं. पाय बाजूला घेऊन मी त्यांना वाट दिली. सगळे बाक रिकामे झाले आणि त्यात मी एकटाच उरलो.

परत आलो तेव्हा घरमालकीणबाई सोयाबीनवरून हात फिरवत होत्या. "झाली पूजा?"

"झाली," मी म्हणालो. "आमच्या घरच्यांचं नाव घेतलं तिथे."

त्यांनी मान वर केली. "काय नाव होतं जी बाईंचं?"

मी सांगितलं. पहिल्यांदा नीट उमटलं नाही. पुन्हा सांगितलं.

"माह्या जावेचंबी हेच हाय," त्या म्हणाल्या. "चांगलं नाव हाय." आणि पुन्हा कामाला लागल्या.

मी खोलीत आलो. मुलीला फोन लावावा असं वाटलं, पण ही तिची सुट्टीची झोपेची वेळ. सकाळचं वरण गरम केलं, भात टाकला. दुपार पुढे पडलीच होती. पण जेवताना मी रोजच्यासारख्या मोबाइलवर बातम्या लावल्या नाहीत.